शंभर पॉइंट चार

माझ्या भाच्याला चौदाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. आता तो सतराव्यात आहे आणि मधल्या काळात हॉस्पिटलात त्याच्यासोबत किती रात्री काढल्या ते मी मोजलेलं नाही. घरात त्याला बाबू म्हणतात, इथंही तेच म्हणतो. परवा इथं गोव्यात, डिचोलीतल्या एका ओळखीच्या माणसाच्या मुलीला हाच आजार निघाला, त्यांनी रात्री फोन केला, म्हणाले अटेंडंट म्हणून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं रे, तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच. म्हणून लिहून काढतोय. औषधांचं डॉक्टर सांगतील, मी फक्त माझं सांगतो, त्यात माझी चूकपण आहे आणि खरं तर तीच सांगायची आहे.

मीच का राहिलो तर भावोजी बोटीवर, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, तेव्हा ते समुद्रात कुठंतरी ब्राझीलच्या बाजूला. ताईला धाकटी मुलगी पाच वर्षांची आणि सासू गुडघ्यांनी बसलेली. उरला कोण तर बिनलग्नाचा मामा, कुंडईच्या इस्टेटीत शिफ्टची नोकरी. रात्री मी आणि दिवसा ताई असं ठरलं, ते पुढं तसंच पडून गेलं.

सुरुवात पायाच्या दुखण्यापासून झाली. नडग्या दुखतात म्हणायचा. फुटबॉल खेळतो, वाढतं वय, दुखणारच, असं आम्हीच म्हणायचो आणि जवळच्या डॉक्टरनंपण कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. महिना गेला. मग हिरड्यांतून रक्त, मांडीवर निळे डाग, आणि एक दिवस मैदानावरून घरी आला तो सोप्यावरच आडवा झाला, तोंड पांढरं पडलेलं. सीबीसी केली, म्हणजे रक्ताची तपासणी, तर हिमोग्लोबिन ६.२, प्लेटलेट १४ हजार आणि पांढऱ्या पेशी ६८ हजार. लॅबवाल्या मुलीनं रिपोर्ट हातात देताना माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच पोटात गोळा आला. नंतर बोन मॅरो झाली, कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढतात ती. नाव कळलं, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वॉर्डात सगळे एएलएल म्हणतात. मुलांमधे सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच आणि बऱ्यापैकी बरा होणारापण हाच, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. ट्रीटमेंट अडीच वर्षं. मला वाटलं अडीच महिने म्हणाल्या, परत विचारलं.

बाबूला आम्ही सांगितलं तुझं रक्त कमी झालंय. हे माझं पहिलं खोटं. पोराच्या हातात मोबाईल आणि केसपेपरवर ठळक अक्षरात एएलएल लिहिलेलं, आणि आम्ही शहाणे त्याला रक्त कमी झालंय सांगतो. दोन दिवस तो काही बोलला नाही, तिसऱ्या रात्री दिवे बंद झाल्यावर म्हणाला, मामा, गूगलवर लिहिलंय जास्त लोक वाचतात, मग तुम्ही सगळे रडता कशाला बाहेर जाऊन?

मधे एकदा मी एकटाच मुंबईला जाऊन आलो, टाटाला. बाबूला नेण्यासारखी स्थिती नव्हती, इथल्याच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि बोन मॅरोच्या काचा, म्हणजे तपासणीच्या स्लाइड, एका छोट्या डब्यात घालून दिल्या. तो डबा मी कापसात गुंडाळून ताईच्या स्टीलच्या टिफिनमधे ठेवला, थिवीला संध्याकाळची कोकणकन्या धरली आणि टिफिन मांडीवर घेऊन रात्रभर बसलो. समोरचा माणूस म्हणाला, जेवा की हो, निवलं असणार. पहाटे दादरला उतरून परळला गेलो. ते हॉस्पिटल १९४१ सालचं, म्हणजे गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि इतक्या वर्षांत फुटपाथवर किती लोक झोपून गेले असतील हा विचार तिथं आल्याशिवाय राहत नाही, कारण आतापण झोपलेले असतात, बिहारचे, बंगालचे, हातात तीच जाडी फाईल. तिथं काचा बघितल्या, रिपोर्ट बघितले आणि सांगितलं की निदान बरोबर आहे, हीच औषधं गोव्यात मिळतात तर मुलाला घराजवळ ठेवा. मला हे ऐकायचंच होतं. मुंबईत खोली घेऊन दोन वर्षं राहायचं म्हणजे ताईचं घर मोडलं असतं.

पैशाचं दोन ओळींत. दीनदयाळ कार्ड होतं, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत आणि तीनपर्यंत असली तर अडीच. कार्ड रिन्यू केलंय का ते आजच बघा, आजारी पडल्यावर नव्हे. बाकी भावोजींचा पगार होता आणि थोडं माझं.

पहिला महिना, त्याला इंडक्शन म्हणतात, तो सगळ्यात कठीण. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध शिरेतून, एक लाल औषध ज्यानं लघवीपण लाल होते (आधी सांगा पोराला, आमचा बाथरूममधून ओरडत बाहेर आला), आणि पाठीच्या मणक्यातून एक इंजेक्शन, कारण बाकीची औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत आणि रोग तिथं लपून बसतो. पाठीतलं इंजेक्शन देताना गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीला लावून कुशीवर झोपायचं, जराही हलायचं नाही. सिस्टर म्हणायची, सुंगटाभशेन वळ रे बाबा, म्हणजे कोळंबीसारखा. मी समोर उभा राहून त्याची मान आणि गुडघे धरायचो. चौदा वर्षांचा पोरगा, मिसरूड फुटायला लागलेली, आणि तो माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरून ठेवायचा. दुसऱ्या खेपेला बटण तुटलं. तिसऱ्या खेपेला म्हणाला, मामा, तो जुना शर्ट घाल.

एक गोष्ट मी बघून ठेवली ती सांगतो. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचं, पाठीतून गेलं तर माणूस जातो. तसं त्याच्या लेबलवरच लिहिलेलं असतं. म्हणून आमच्या वॉर्डात ही दोन इंजेक्शनं एका वेळी ट्रेमधे कधीच आणायची नाहीत, आणि देण्याआधी दोन सिस्टर पेशंटचं नाव, औषधाचं नाव, कुठून द्यायचं ते मोठ्यानं वाचायच्या. पहिल्यांदा मला वाटलं एवढा वेळ का लावतात. नंतर मीच त्यांच्याबरोबर मनात वाचायला लागलो.

हे व्हिन्क्रिस्टिन येतं सदाफुलीपासून. आमच्या तुळशीच्या बाजूला आईनं लावलेली, कोणी पाणी घातलं नाही तरी फुलते ती. डॉक्टर बाईंनी सहज सांगितलं आणि मी घरी येऊन बोललो, ती चूक झाली, कारण चार दिवसांत शेजारची काकी सदाफुलीच्या पानांचा रस बाटलीत घेऊन हजर. म्हणे त्यातलंच औषध ना, मग घरचं का नको. ताईपण जरा विरघळली होती. मी बाटली घेतली, काकीला बरं म्हटलं आणि मागच्या दारी ओतली. अख्ख्या झाडाचा रस म्हणजे त्यात काय काय आणि किती हे कोणाला माहीत, आणि पोराला मिलिग्रॅमवर मोजून औषध चाललेलं. लोक वाईट नसतात पण एकाला आजार झाला की गावात पन्नास डॉक्टर तयार होतात. पपईच्या पानांचा रस आला, कसली कसली मुळं आली. देवाचं मात्र मी अडवलं नाही. ताईनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, आणि येता जाता बांबोळीला हायवेवरच्या फुलांच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसकडे, मेणबत्तीपण लावायची. त्याचे साइड इफेक्ट नाहीत.

मग भूक. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दहाव्या बाराव्या दिवसापासून जी भूक लागते ती बघितल्याशिवाय कळणार नाही. चेहरा सुजून गोल, पोट पुढं, हातपाय काड्या, आणि रात्री दोन वाजता उठून बसायचा. मामा, भूक. तासापूर्वी जेवलास ना? मामा, भूक. आणि मागायचा काय तर सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी. जून महिना! एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, मार्केटात बर्फातले नाहीतर बाहेरून आलेले मासे, आणि त्याला तर ताजं, घरी शिजवलेलं, गरम असतानाच द्यायचं असा नियम, बाहेरचं काही नाही, कच्चं काही नाही, आदल्या दिवशीचं तर अजिबात नाही. मी हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्यानं घेतलेली, ताईला दुपारी पाठ टेकायला, तिथं एक गॅस होता. पिळगावचा एक मित्र मानशीवरची सुंगटं आणून द्यायचा, नदीचं पाणी शेतात घेतात त्या दारावर जाळं लावून धरतात ती, बारीक पण गोड. मी आयुष्यात चहाशिवाय काही केलं नव्हतं. ताईनं फोनवरून सांगायचं आणि मी खोबरं, मिरची, धणे वाटायचं, आमसोलं टाकायची. मीठ कमी, स्टेरॉइडमुळं. पहिलं हुमण त्यानं खाल्लं आणि म्हणाला, आंबट आहे. आणि सगळं संपवलं, भांडं पुसून. तीन वाजता परत उठला.

याच गोळ्यांनी रागपण येतो. एकदा ताईच्या अंगावर ताट फेकलं. ताई रडत बाहेर गेली, मला एवढा राग आला की हात उगारला होता, आणि मग तोच रडायला लागला की मला कळतच नाही मी असं का करतो. डॉक्टर बाई म्हणाल्या गोळी बंद झाली की कमी होईल. झालं. पण ते आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर ताई तेवढी रडली नसती.

केस गेले त्याचं घरच्यांनाच जास्त. त्याला पायाचं लागलं. व्हिन्क्रिस्टिननं नसा बधिर होतात, पाऊल उचललं जात नाही, जिना चढताना बोटं पायरीला अडकायची. लेफ्ट विंगला खेळणारा पोरगा. फिजिओवाल्यानं सांगितलेले व्यायाम तो कोणी बघत नसताना करायचा, मी झोपेचं सोंग घेऊन बघायचो.

प्लेटलेटसाठी पळायचं काम माझं. रक्ताची पिशवी महिनाभर राहते पण प्लेटलेट पाच दिवसच, तीपण फ्रिजमधे नाही, बाहेर साधारण २२ डिग्रीला, एका मशीनवर सतत हलत. म्हणजे साठा करता येत नाही, डोनरच लागतो. एकाच माणसाकडून मशीन लावून काढतात ती एसडीपी, दीड तास लागतो, दंडाची शीर चांगली पाहिजे, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर पाहिजेत, आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. हे शेवटचं कोणी आधी सांगत नाही, माणूस अर्धा दिवस रजा काढून येतो आणि परत जातो. पावसात डेंग्यू सुरू झाला की ब्लड बँकेत सगळ्यांनाच प्लेटलेट हव्या असतात. मी एका वहीत ग्रुपप्रमाणे नावं लिहिलेली, समोर शेवटचं कधी दिलं ती तारीख. त्यात बाबूच्या टीमचे मोठे पोरगे, दोन भजनी मंडळातले, आणि आमचे जुने टिपरवाले, खाणी बंद झाल्यापासून रिकामे. त्यातल्या एकानं चार वेळा दिलं. मी पेट्रोलचे पैसे पुढं केले तर शिवी घातली.

शेजारच्या बेडवर एक छोटा होता, सहा वर्षांचा, बाबूला दादा म्हणायचा आणि त्याच्या मोबाईलवर गाड्यांचा गेम खेळायचा. एका सकाळी बेड रिकामा, गादी उलटी करून ठेवलेली. बाबूनं विचारलं, मी म्हटलं डिस्चार्ज झाला. हे दुसरं. तो काही बोलला नाही. त्यानंतर तो गेम त्यानं मोबाईलमधून काढून टाकला, ते मी खूप नंतर बघितलं.

इंडक्शननंतरच्या टेस्टमधे रोग दिसेनासा झाला. पण त्यावर थांबायचं नसतं, थांबलं तर परत येतो, म्हणून पुढचे सहा आठ महिने वेगवेगळी औषधं आणि मग मेंटेनन्स, म्हणजे गोळ्यांचा लांब टप्पा. घरी जायचं, डे केअरला यायचं, असं सुरू झालं. घरी सोडताना डॉक्टर बाईंनी एक कागद दिला, त्यावर मोठ्या अक्षरात एकच आकडा, १००.४. ताप शंभर पॉइंट चार झाला की निघायचं. रात्र असो, पाऊस असो. गोळी द्यायची नाही, थांबायचं नाही, कारण किमोनं पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना अंगात जंतू शिरले तर लढायला कोणीच नसतं, आणि पहिल्या तासात अँटिबायोटिक गेलं पाहिजे. मी मान हलवली. फ्रिजवर तो कागद चिकटवला. थर्मामीटर दोन घेतले, एक ताईकडे, एक माझ्या खिशात.

आणि चवथ आली.

आमच्या वाड्यावरच्या घरात दीड दिवसाचा गणपती, सगळी भावकी एकत्र, वर फळाफुलांची माटोळी, शंभर माणसं येऊन जातात. तीन दिवस आधीच्या रिपोर्टात एएनसी १८०, म्हणजे लढणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, पाचशेच्या खाली गेली तरी धोका असतो. डॉक्टर गर्दीत नको म्हणालेल्या. पण बाबू आठवडाभर मागं लागला होता, मला फक्त बघायचंय, कोणाला हात लावणार नाही. शेवटी मी म्हटलं मागच्या खोलीत मास्क लावून बसायचं, दारातून बघायचं, तिथं कोणी यायचं नाही. ताई नको म्हणत होती. मी जबाबदारी घेतो म्हटलं. घेतली.

संध्याकाळी सात वाजता आरती चालू होणार, झांजा काढलेल्या, मी मागं गेलो तर म्हणाला, मामा, जरा कडक लागतंय. थर्मामीटर लावला, १००.६.

आता इथं मी काय केलं ते नीट लिहितो. मला आकडा कळला होता. कागद पाठ होता. पण बाहेर सगळे उभे, आई आरतीचं ताट घेऊन, निघायचं म्हटलं तर सगळ्यांसमोरून जायचं, ताई कोसळणार, आणि सगळे म्हणणार मामानंच आणला. खोलीत गरम होतंय, मास्क लावलाय, त्यानं वाढला असेल, असं मी मला सांगितलं. खिशात पॅरासिटामोल होती. अर्ध्या तासानं बघू म्हणून एक दिली. त्यानं माझ्याकडे बघितलं, गोळी घेतली. साडेआठला ९९. मला एवढं हलकं वाटलं की मी बाहेर येऊन दोन नेवऱ्या खाल्ल्या.

पॅरासिटामोल ताप उतरवते, जंतू नाही. ते आत वाढतच होते.

साडेअकराला हुडहुडी भरली. दात वाजत होते, पलंग हलत होता, दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना. १०३. मी उचलून गाडीत घातला, ताई मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन, असा पाऊस की वायपर चालतायत की नाही कळत नव्हतं. अस्नोडा, म्हापसा, पर्वरी. मांडवीच्या पुलावर ताई म्हणाली, हा बोलत नाही रे. मी आरशात बघितलं नाही.

कॅज्युअल्टीत बीपी वरचं ७६. एकदम चार जण भोवती, सलाईन जोरात, कुठले जंतू ते बघायला दोन ठिकाणाहून कल्चरचं रक्त, लगेच अँटिबायोटिक. ड्युटीवरचा डॉक्टर, पोरगाच, लिहिता लिहिता विचारतो, ताप कधी आला? मी म्हटलं, आत्ताच, अकराच्या सुमारास.

पलंगावरून आवाज आला, एवढा बारीक की डॉक्टरला वाकावं लागलं. सातला. शंभर पॉइंट सहा होता. गोळी घेतली.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं आणि अकरा खोडून सात लिहिलं. बस, एवढंच. एक शब्द बोलला नाही, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. ताई भिंतीला टेकून उभी होती, तिनं ऐकलं होतं.

तीन दिवस आयसीयू. कल्चरमधे क्लेबसिएला नावाचा जंतू आला. बीपी धरून ठेवायला औषध पंपावर लावलेलं, त्या पंपाचा बीप अजून कुठं ऐकला की माझे तळहात ओले होतात. बाहेरच्या बाकड्यावर मी आणि ताई, ती माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं डब्यातली अर्धी चपाती माझ्यापुढं ठेवली, तेवढं. भावोजींचा बोटीवरून फोन आला तेव्हा तिनं काय सांगितलं माहीत नाही, मला त्यांनी आजपर्यंत त्यावरून काही म्हटलेलं नाही. डॉक्टर बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पहिले नाही, सणाच्या दिवसांत हे होतंच, यापुढं गोळी घरात ठेवूच नका. चौदा दिवस अँटिबायोटिक चाललं, किमो तीन आठवडे पुढं गेली.

वॉर्डात परत आला त्या रात्री मी त्याला म्हटलं, बाबू, चुकलं माझं. तो छताकडे बघत होता. म्हणाला, मला माहीत होतं गोळी घ्यायची नाही ते. मग घेतलीस का? म्हणाला, तू घाबरला होतास.

थोड्या वेळानं म्हणाला, तो छोटा मेला ना? मी हो म्हटलं. मला वाटलंच, म्हणाला, आणि कूस बदलली. आणि मग भिंतीकडे तोंड करूनच, थर्मामीटर मला दे, आजपासून मी बघणार.

तेव्हापासून थर्मामीटर त्याच्याकडे. माझ्या डोनरच्या वहीची मागची पानं त्यानं घेतली आणि तारीख, वेळ, आकडा असं लिहायला लागला, एएनसी, प्लेटलेट, कुठली गोळी किती. डे केअरला डॉक्टर बाई आता मला विचारतच नाहीत, त्याच्याशीच बोलतात. मेंटेनन्स म्हणजे रोज रात्रीची ६-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दोन्ही किमोचीच औषधं, आणि हे जवळजवळ दोन वर्षं. बरं वाटायला लागलं की पोरं गोळ्या चुकवतात, चौदा पंधराचं वय तर त्यालाच असतं. यानं एकदा चुकवलेली, वहीत लिहिलं होतं, चुकवली, कंटाळा आला. ताईनं वाचलं आणि मला दाखवलं, दोघंही काही बोललो नाही.

गेल्या डिसेंबरात, शेवटचे तीन महिने राहिलेले, पहाटे पाचला फोन. मामा, शंभर पॉइंट दोन. मी म्हटलं दोन की चार? दोन. खरं सांगतो, दोनच. वॉर्डात फोन केलास? केला, सिस्टर म्हणते गोळी नको, अर्ध्या अर्ध्या तासानं बघा, चार झाला तर या. मी गाडी काढून दहा मिनिटांत त्यांच्या दारात. तो सोप्यावर शाल गुंडाळून बसलेला, बॅग भरून पायाशी, फाईल वर. ताई चुलीजवळ. मी बाजूला बसलो. गाडीची चावी हातातच होती.

साडेपाचला १००.२. सहाला १००.१. मला दाखवायचा आणि मगच लिहायचा. अंगणात धुकं होतं, सदाफुलीची गुलाबी तेवढी दिसत होती. साडेसहाला ९९.६. नाकातून पाणी गळत होतं त्याच्या, साधं पडसं असावं. सातला पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला वळणावर. त्यानं परत लावला, ९९.२, लिहिला, पेन कानाला अडकवलं आणि म्हणाला, मामा, उठ, उंडे घे, संपतील.